डावीकडचा जेट मोठा का होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारसायकलींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी इथे जर्मनीत, गॅरेजमध्ये उभ्याउभ्या, ग्रीसने माखलेल्या हातांमुळे फोनचा पडदा कोपराने सरकवत वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की कारखान्यातून निघाली तशी राखलेली गाडी हाच काय तो वारसा. हँडल बदललेली, सायलेन्सर उपटून भलतंच काही बसवलेली गाडी म्हणजे विटंबना. माझ्याकडे नेमकी तशी एक विटंबना आहे. ती अजून चालते, आणि तिच्यामुळे मला जे कळलं ते लेखात कुठेच नव्हतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

गाडी यामाहा आरडी ३५०, १९७४ सालची. भारतात १९८३ पासून जी राजदूत ३५० म्हणून आली, तिची ही थोरली बहीण. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सहा गियर. धाकटीच्या पुढच्या चाकाला ड्रम होता, हिच्या चाकाला डिस्क आहे. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते, इथे येऊन सतरा वर्षं झाली. बाई आणि मोटारसायकल हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं या पत्रात नाहीत.

गाडी घेतली ती एका निवृत्त लेथ कारागिराकडून. वय अठ्ठ्याहत्तर. किक मारायला गुडघे तयार होईनात, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. या पत्रापुरतं त्यांना आजोबा म्हणते. प्रत्यक्षात आम्ही एकमेकांना आडनावाने आणि ‘तुम्ही’ म्हणतो, आणि ते बदलेल अशी चिन्हं नाहीत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी गाडीवर हात चालवला होता. हँडलच्या जागी खाली उतरवलेल्या दोन सुट्या मुठी, मागे सरकवलेले फूटरेस्ट, एअर फिल्टरच्या डब्याऐवजी दोन सुटे फिल्टर, इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप काढून टाकलेला, आणि दोन्ही बाजूंना एक्स्पान्शन चेंबर.

या चेंबरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लेखात त्यांची संभावना ‘आवाज करणारी नळकांडी’ अशी झाली आहे. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टला झडप नसते. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा बाहेरचा दरवाजाही उघडाच असतो, त्यामुळे त्यातलं काही सरळ बाहेर पळतं. चेंबरचा फुगत जाणारा भाग आधी ओढ निर्माण करून जळका धूर खेचून घेतो, मग निमुळता होत जाणारा भाग दाबाची लाट उलट पाठवतो, आणि ती लाट पळालेलं मिश्रण दरवाजा बंद होण्याच्या आत परत ढकलते. म्हणजे नुसत्या पत्र्याच्या आकाराने झडपेचं काम होतं. पन्नासच्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन यांनी हे शास्त्र हाती धरून पक्कं केलं. १९६१ साली त्यांचाच रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेला पळाला, हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीला ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळालं. माझ्या गॅरेजमधल्या जपानी गाडीवर जर्मनीत ठोकूनठाकून बनवलेले चेंबर बसलेले पाहिले, की मला वाटतं माल फिरून घरीच आला.

चेंबर एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यासाठीच आखलेला असतो. माझी गाडी साडेपाच हजार आरपीएमच्या खाली रुसल्यासारखी चालते आणि वर गेली की एकदम अंगात आल्यासारखं करते. शहरात वैताग. पण तो वैताग माझा मी पत्करलेला आहे.

आता कागदपत्रांचं. इथे गाडीत केलेला महत्त्वाचा बदल तपासनिसापुढे न्यावा लागतो, तो पास झाला की कागदांवर नोंदवला जातो. न नोंदवलेल्या बदलामुळे गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द ठरू शकतो. त्यावर दर दोन वर्षांनी तपासणी. आजोबांनी १९७९ साली सगळं रीतसर नोंदवून घेतलं होतं. हँडलची रुंदी मिलिमीटरमध्ये. टायरची मापं. फूटरेस्ट, चेंबर, सगळं शिक्क्यानिशी. तीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे नंबर प्लेटवर ‘एच’ अक्षर मिळू शकतं, आणि गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत झालेले बदल त्या काळातलेच म्हणून त्याला चालतात. म्हणजे ज्या नियमाने वारसा ठरतो तो नियमसुद्धा लेखकाइतका सोवळा नाही. मी ते अक्षर घेतलं नाही, त्याचं कारण मात्र अगदीच क्षुद्र आहे: ‘एच’ घेतलं तर वर्षाचा ठोक कर ४६ युरो, आणि न घेतलं तर दर २५ सीसीला १.८४ युरो या हिशेबाने माझ्या गाडीचे होतात पंचवीस.

तर, हँडलची रुंदी कागदावर होती. कार्ब्युरेटरमध्ये कुठला जेट आहे, म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं ते भोक केवढं आहे, हे कुठेच नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी दोन्ही कार्ब्युरेटर उघडले. आधी स्क्रूंचं वाटोळं केलं. जपानी गाड्यांच्या स्क्रूची फुली दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखीच असते, पण आतून तिचा उतार निराळा असतो. साधा स्क्रू ड्रायव्हर जोर लावला की वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. योग्य स्क्रू ड्रायव्हर आणेपर्यंत चार स्क्रू गेले होते. आत पाहते तर डावीकडचा मेन जेट १७० चा, उजवीकडचा १५० चा; आकडा मोठा तेवढं भोक मोठं. एकाच इंजिनाची दोन सिलिंडर, सारखे कार्ब्युरेटर, सारखे चेंबर, आणि जेट वेगवेगळे? मी ठरवलं, आजोबांना तो बारीक आकडा चष्म्यातून दिसला नसणार. दुसरा १५० मागवला, दोन्हीकडे सारखे बसवले. कुणाची तरी जुनी चूक दुरुस्त केली की एक समाधान मिळतं, ते मिळालं.

गाडी बोलत होती, मी ऐकत नव्हते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली यायला हवा, तो दोन-तीन सेकंद वरच रेंगाळायचा. मी म्हटलं, केबल अडकते. डावा प्लग उजव्यापेक्षा फिका दिसायचा. मी म्हटलं, हल्लीच्या पेट्रोलचा प्लगवर रंगच नीट चढत नाही. दोन्ही गोष्टी अशा गाड्यांत होतात, म्हणून तर त्या सबबी म्हणून उत्तम. माझ्या विभागात कुणी प्रयोगाच्या निकालाला अशी आधी कारणं चिकटवली, तर त्याला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवतात.

माझ्या नंबर प्लेटच्या कडेला ०३ आणि १० असे दोन आकडे आहेत: गाडी मार्च ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर आणायची, बाकीचे महिने विमाही नाही आणि करही नाही. ३१ ऑक्टोबर हा हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळी पाच अंश होते. टाकीत ई-१० भरलेलं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, कारण ते स्वस्त आणि आदल्या रात्री मला घाई होती. ऑटोबानवर पाच-सहा किलोमीटर थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवलं. गाडी इतकी सुरेख पळाली नव्हती कधी. पेट्रोल कमी पडत असलेलं टू-स्ट्रोक मरण्यापूर्वी असंच जरा जास्त छान पळतं, हे मी वाचलेलं होतं. आठवलं मात्र पिस्टन सिलिंडरमध्ये पकडला जाऊन मागचं चाक किंचाळल्यावर. हाताने आपोआप क्लच ओढला, तेवढंच नशीब. गाडी कडेच्या पट्टीवर घरंगळत थांबली.

वीस मिनिटांनी इंजिन निवलं तेव्हा किक हलली. डाव्या सिलिंडरमधून वाळू घासल्यासारखा आवाज आला.

नंतर हिशेब मांडला. ज्या पेट्रोलवर गाडीचा जेट ठरलेला होता, त्यात इथेनॉल नव्हतं. ई-१० ला तेवढीच हवा जाळायला जवळपास चार टक्के जास्त इंधन लागतं. ऑगस्टातल्या अठ्ठावीस अंशांच्या हवेपेक्षा पाच अंशांची हवा आठ टक्के दाट. म्हणजे प्राणवायू तेवढा जास्त, पेट्रोल मात्र त्याच भोकातून तेवढंच. हे सगळं खरं, पण ते दोन्ही सिलिंडरना सारखंच लागू. उजवा पिस्टन निकोप होता. डावाच का पकडला?

हिवाळा त्या प्रश्नात गेला. सिलिंडर काढलं, एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं अॅल्युमिनियम भिंतीला लिंपलेलं. मग इंजिनाची सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करून आत सायकलच्या पंपाने बेताचा दाब भरला, सहा पीएसआयच्या आसपास, आणि साबणाचं पाणी लावत बसले. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत येतं, त्यामुळे क्रँककेसला हवाबंद असावंच लागतं. डाव्या टोकाला, जनरेटरच्या मागे, जिथे क्रँकशाफ्ट ऑइल सीलमधून बाहेर येतो, तिथे बुडबुडे आले. फुरफुरणारे नाहीत, सावकाश, एकामागून एक, जपमाळ ओढल्यासारखे. त्या फटीतून डावं सिलिंडर वर्षानुवर्षं चोरून जास्तीची हवा पीत होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी आजोबांना फोन केला.

“डावीकडे १७० चा जेट तुम्ही मुद्दाम घातला होता का?”

“अर्थात. डावं सील गळतं ना. जास्त हवा येते, म्हणून जास्त पेट्रोल. नव्वदच्या दशकापासून बदलायचं म्हणत होतो.”

“मग गाडी देताना सांगितलं का नाहीत?”

थोडा वेळ गेला. “तुम्ही विचारलं नाहीत.”

मला राग आला होता, पण दाद द्यावीशीही वाटली. त्यांनी दोषावर दोषानेच उतारा शोधला होता, आणि तो तीसेक वर्षं पुरला होता. मी एका संध्याकाळी तो ‘बरोबर’ केला आणि पिस्टन गमावला. त्या गाडीत चुकीचं दिसणारं एकच काम शहाणपणाचं होतं, आणि तेच कुठे लिहिलेलं नव्हतं.

लेखकाशी माझा वाद इथे आहे. मूळ विरुद्ध बदललेली, हा झगडाच मला लटका वाटतो. अगदी मूळ रूपातली म्हणून मिरवणारी गाडी घ्या. तिचा जेट कारखान्याने ज्या पेट्रोलसाठी ठरवला, ते शिशाचं पेट्रोल आज पंपावर मिळतच नाही. सिलिंडर एकदा जरी बोअर केलं, म्हणजे आतून कोरून रुंदावलं असेल तरी आतला पिस्टन ६४ मिलिमीटरचा नाही, ६४.२५ चा किंवा ६४.५० चा आहे. रबरी सील तर पन्नास वर्षं टिकत नाहीतच. अस्सल म्हणवणारी गाडीसुद्धा आतून बदललेली असते. फरक एवढाच, की बाहेरून रंग जुना असल्यामुळे तिला कुणी जाब विचारत नाही. निदान माझी विटंबना तोंडाने सांगते की मला हात लावलेला आहे.

जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने २०१२ मध्ये ट्युरिन सनद मान्य केली. गाडीच्या नेहमीच्या वापराच्या काळात तिच्यात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचाच पुरावा आहे, असं ती मानते. आणि गाडीवर केलेल्या कामाची नोंद ठेवावी, ती गाडीसोबत राहावी, असंही सांगते. लेखकाने सनदेच्या नावावर शुद्धतेचा आग्रह धरला आहे, नोंदीचं कलम मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं.

बदल करणाऱ्या मंडळींनाही मी सोडणार नाही. यांचे फोटो पाहावेत तर वेल्डिंगच्या शिवणीपर्यंत सगळं चमकतं. त्याच माणसाला विचारा, कार्ब्युरेटरची सुई कितव्या खाचेत आहे, ठिणगीचं टायमिंग किती ठेवलंय, ऑइल किती मिसळतोस. ‘अंदाजाने’ असं उत्तर येतं. अंदाज त्याच्या हाताला असतो, गाडीसोबत तो विकला जात नाही. औषधाच्या कारखान्यात आमच्याकडे एक वाक्य रोज ऐकू येतं: जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. सतरा वर्षं मी हे नवशिक्यांना शिकवते, आणि स्वतः त्या ऑगस्टमध्ये जेट बदलला तेव्हा तारीखसुद्धा कुठे टिपली नाही. ती तारीख मला जेटच्या पावतीवरून शोधावी लागली.

फेब्रुवारीत आजोबा बसने आले. मी बोलावलं नव्हतं, सील कसं बदलते ते बघायला आले म्हणाले. गॅरेजमध्ये स्टूलवर बसले, आणि क्रँककेस उघडलेली पाहून त्यांनी टोपी काढली. मी वही घेतली. चार शनिवार ते सांगत होते आणि मी लिहीत होते. टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायला किती उरलं असताना ठिणगी पडते ते, कारखान्याच्या दोन मिलिमीटरऐवजी १.८ वर. हेड अर्धा मिलिमीटर घासलेलं, त्यांच्याच लेथवर. सिलिंडरखाली एकाऐवजी दोन गॅस्केट, कारण त्याने पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या दरवाजांची, उंची बदलते. मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या (रीड व्हॉल्व्हच्या) पोलादी पात्या काढून फायबरच्या, घरीच कापलेल्या. पोलादी पाती तुटली तर इंजिन ती गिळतं, फायबरची गिळली तर निदान सिलिंडर ओरबाडत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल एकास पंचवीस.

या शेवटच्या मुद्द्यावर आमची जुंपली. मी म्हटलं, आजची ऑइलं चांगली आहेत, एकास बत्तीस पुरेल. ते म्हणाले, खुशाल करा, पण मग जेट पुन्हा तपासा. मला आधी कळेना. त्यांनी बोटावर हिशेब करून दाखवला: त्याच भोकातून जे वाहतं त्यात ऑइल जास्त म्हणजे पेट्रोल कमी. ऑइल वाढवलं की इंजिन सुरक्षित झालं असं आपल्याला वाटतं, पण मिश्रण त्याने पातळच होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं.

त्यांना साल आठवत नसे. ‘मुलीच्या लग्नाच्या उन्हाळ्यात’, ‘कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात’ असं सांगत. मी तसंच लिहून घेतलं, वर्षं नंतर त्यांच्या मुलीला विचारून भरली.

आता डावीकडचं सील नवं आहे, दोन्ही पिस्टन ६४.२५ चे, आणि दोन्हीकडे १६० चा जेट. प्रत्येक फेरीनंतर वहीत पाच रकाने भरते: तारीख, हवेचं तापमान, पेट्रोल कुठलं, जेट आणि सुईची खाच, प्लगचा रंग. प्लगचा रंग बघायची पद्धत जुनीच: पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करायचं, त्याच क्षणी क्लच ओढायचा, थांबून प्लग काढायचा. हे मोकळ्या खासगी धावपट्टीवर करते, रस्त्यावर नाही. आणि उत्तर रंगापेक्षा अधिक प्लगमधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या बुडाशी असलेल्या बारीक कड्यात असतं, त्याला भिंग लागतं. वहीची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली आहे. दहा अंशांच्या खाली गेलं तर १७०, हे पहिल्याच पानावर.

शेवटच्या शनिवारी एकच गोष्ट उरली होती. इंजिन चेसिसला जिथे धरलं आहे, तिथे मागच्या उजव्या बोल्टखाली एक पितळी वायसर आहे. डावीकडे नाही. हाताने कापलेली, कडेला कानशीचे घाव. मी विचारलं, ही कशाला?

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, वायसर बोटांत फिरवली, उजेडात धरली, पुन्हा फिरवली. “मीच केली आहे,” म्हणाले. “पण का, ते आठवत नाही.”

वहीत तेवढंच लिहिलं आहे. वायसर होती तिथे परत घातली.

आपली,
एक वाचक, जर्मनी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)